‘धो धो’ म्हणजे किती मिलिमीटर?

पावसाळ्यात संध्याकाळ झाली की व्हॉट्सॲपवर निरोप येऊ लागतात: “बार्शीत धो धो पाऊस”, “अक्कलकोटला नुसतेच ढग”, “मोहोळला थेंब नाही”. एवढ्या निरोपांवरून सोलापूर जिल्ह्यात पाऊस किती झाला हे सांगता येईल का? नाही, कारण ‘धो धो’ला एकक नसते. मात्र थोडी शिस्त पाळली, तर याच साधनाने गावोगावच्या शाळांना मिळून खरे संशोधन करता येईल. ते कसे, हे पाहू.

आपला जिल्हा सह्याद्रीच्या पर्जन्यछायेत आहे. येथे पाऊस पुष्कळदा सुट्या ढगांतून पडतो. त्यामुळे एका शिवारात ओढे वाहतात, तर शेजारच्या शिवारात धूळ उडते. ‘महावेध’ प्रकल्पात महसूल मंडळनिहाय स्वयंचलित हवामान केंद्रे उभारण्यात आली; पण एका मंडळात अनेक गावे असतात. मंडळात २४ तासांत ६५ मिलिमीटरपेक्षा अधिक पाऊस झाला की ती अतिवृष्टी समजतात आणि पीकनुकसानीच्या मदतीचा विचार करताना हा आकडा पाहतात. म्हणून केंद्रापासून दूरच्या गावात नेमका किती पाऊस झाला, हा प्रश्न शेतकऱ्याच्या दृष्टीने फार महत्त्वाचा ठरतो.

पाऊस मोजणे सोपे आहे. १० सेंटिमीटर व्यासाचे नरसाळे मोठ्या बाटलीवर घट्ट बसवा. बाटली मोकळ्या जागी, नरसाळ्याचे तोंड आडवे समपातळीत राहील अशी ठेवा. भिंत किंवा झाड जेवढे उंच, त्याच्या निदान दुप्पट अंतर सोडा. नरसाळ्याच्या तोंडाचे क्षेत्रफळ ३.१४ × ५ × ५ = ७८.५ चौरस सेंटिमीटर. समजा, बाटलीत ४७१ मिलिलिटर पाणी जमले. ४७१ ÷ ७८.५ = ६ सेंटिमीटर, म्हणजे ६० मिलिमीटर पाऊस. ६५ मिलिमीटरसाठी सुमारे ५१० मिलिलिटर पाणी लागेल. फरक केवळ ४० मिलिलिटरचा! थोडे पाणी सांडले किंवा उन्हाने उडून गेले तरी निष्कर्ष बदलेल. म्हणून रोज सकाळी साडेआठलाच पाणी मोजा. भारतीय हवामान खात्याचा पावसाचा दिवसही याच वेळी संपतो.

आता निरोपाकडे वळू. शिक्षकांनी व्हॉट्सॲपवर एक गट करावा आणि प्रत्येक शाळेने त्यावर चारच गोष्टी कळवाव्यात: गाव, तारीख, वेळ आणि मिलिमीटर. सोबत मोजपात्राचे, डोळा पाण्याच्या पातळीशी ठेवून काढलेले छायाचित्र असावे. दुसऱ्याकडून आलेला निरोप पुढे ढकलू नये. आणखी एक नियम: आधी वहीत आकडा लिहा, मगच गट उघडा. शेजारच्या गावाचे ४० वाचल्यावर आपले ३२ चुकले असावे असे वाटू लागते, आणि हात नकळत ३५ लिहितो. दोन नोंदी स्वतंत्र असतील तरच एक दुसरीची साक्ष देऊ शकते.

पाऊस नसेल त्या दिवशी काय करावे? शून्य कळवावे. नोंद आली नाही, तर पाऊस पडला नाही की मोजायचा राहिला, हे कसे समजणार? अमेरिकेतील फोर्ट कॉलिन्स शहरात १९९७ च्या जुलैमध्ये एका भागात काही तासांत फूटभराहून अधिक पाऊस कोसळून पूर आला. इतर भागांत तो बेताचाच होता. त्या अनुभवातून १९९८ मध्ये तेथे नागरिकांचे पर्जन्यमापन जाळे उभे राहिले. ते जाळेही शून्याची नोंद आग्रहाने मागते. आपल्याकडे अहिल्यानगर जिल्ह्यातील हिवरे बाजारचे ग्रामस्थ गावातला पाऊस मोजून पाण्याचा ताळेबंद मांडतात आणि त्यावरून पिके ठरवतात.

आपल्या तालुक्यातील दहा शाळांनी जून ते सप्टेंबर अशा नोंदी ठेवल्या, तर महिनाअखेर त्या नकाशावर मांडून समपर्जन्यरेषा काढता येतील. या नोंदींना सरकारी मान्यता नसेल. परंतु मंडळाचा आकडा कोणत्या गावांना लागू पडतो आणि कोणत्या गावांना नाही, हे त्यांतून दिसू लागेल. मग गावाला आपला प्रश्न ‘धो धो’ऐवजी आकड्यांनी मांडता येईल.