इंजिनिअरिंगच्या पोरांना बायो शिकवणार आहेस ना, मग ऐक

अगं, अभिनंदन करून झालं, आता जरा कामाचं बोलू. तासिका तत्त्वावर का होईना, प्रथम वर्षाला बायो शिकवायला मिळतंय, हे छानच झालं. एआयसीटीईने २०१८च्या नमुना अभ्यासक्रमात हा विषय घातला आणि तुझ्यामाझ्यासारख्या एमएस्सीवाल्यांना इंजिनिअरिंगचं दार उघडलं. पण तिथे आपला विभाग नसतो आणि बहुतेक ठिकाणी प्रयोगशाळाही नसते. स्टाफरूममध्ये एका बाजूला मॅथ्सचे सर बसतात, दुसऱ्या बाजूला ग्राफिक्सचे. त्यातलं कुणीतरी पहिल्याच आठवड्यात तुला सांगणार, "मॅडम, या पोरांना बायोत इंटरेस्ट नाही हो. नोट्स द्या आणि मोकळ्या व्हा." हसून मान हलव आणि चहा घे. वर्गात मात्र तसं करू नकोस.

पोरांची बाजू आधी समजून घे. त्यातल्या बऱ्याच जणांनी दहावीनंतर बायो सोडलंय. अकरावीला त्या जागी इलेक्ट्रॉनिक्स नाहीतर कॉम्प्युटर सायन्स घेतलं आणि सीईटी पीसीएमवर दिली. बायो म्हटलं की त्यांना आठवते ती पेन्सिलने काढलेली पेशी, तिला दिलेली नावं आणि आदल्या रात्रीचं पाठांतर. त्यांचा राग आहे तो पाठांतरावर. त्यांच्यापुढे एक गणित ठेव, मागच्या बाकावरची मुलंसुद्धा पेन काढतात.

म्हणून पहिल्या तासाला पेशीची आकृती काढूच नकोस. अभ्यासक्रमाच्या सुरुवातीलाच रॉबर्ट ब्राउन आहे, तिथून निघ. १८२७ साली ब्राउनने परागकणांमधले बारीक कण पाण्यात थरथरताना पाहिले. इथे थांब आणि वर्गाला विचार, हे कण जिवंत आहेत म्हणून हलतात का? कसं तपासाल? दोन-तीन उत्तरं येऊ देत. मग सांग, ब्राउनने काचेची आणि दगडाची पूड करून पाण्यात टाकली, तीही तशीच थरथरली. म्हणजे जिवंतपणाचा काही संबंध नव्हता. आणि १९०५ मध्ये आइनस्टाइनने त्या थरथरीचं गणित मांडलं, अंतराच्या वर्गाची सरासरी म्हणजे दोन गुणिले डी गुणिले वेळ, डी म्हणजे विसरणाचा गुणांक. हे सूत्र फळ्यावर लिही. एका वनस्पतिशास्त्रज्ञाच्या सूक्ष्मदर्शकातून निघालेला प्रश्न फिजिक्समध्ये कसा पोचला, ते त्यांना आपोआप दिसेल.

आता तेच सूत्र त्यांच्या हातात दे. पाण्यात ऑक्सिजनचा डी साधारण दोन गुणिले दहाचा उणे नववा घात, एकक चौरस मीटर प्रति सेकंद. एक मायक्रोमीटर जायला किती वेळ? मिलिसेकंदाचा चौथा हिस्सा. एक सेंटिमीटर? जवळजवळ सात तास. आणि एक मीटर, म्हणजे छातीपासून पायाच्या बोटांपर्यंत? आठ वर्षं! हा आकडा तू सांगू नकोस, त्यांच्या कॅल्क्युलेटरवरच येऊ दे. मग विचार, जिवाणूला हृदय का नाही आणि आपल्याला का लागतं? मेकॅनिकलवाला लगेच म्हणेल, "पंप पाहिजे ना मॅडम." मग पंपाचं स्पेसिफिकेशन काढायला लाव. एका ठोक्याला सुमारे सत्तर मिलिलिटर आणि मिनिटाला बहात्तर ठोके, म्हणजे पाच लिटर. रक्ताभिसरण असं शिकवलंस की त्यांना हृदयाचे कप्पे पाठ करावे लागत नाहीत. कप्पे कशाला हवेत, हे तेच तुला विचारतात.

जेनेटिक कोडही असाच शिकव. अक्षरं चार, अमिनो आम्लं वीस. एका अमिनो आम्लासाठी किमान किती अक्षरांचा शब्द लागेल? कॉम्प्युटरची मुलं क्षणात सांगतील, दोन अक्षरांचे सोळाच होतात, पुरत नाहीत, तीन हवीत. तीन अक्षरांचे होतात चौसष्ट. त्यातले एकसष्ट अमिनो आम्लांसाठी आणि तीन थांबण्यासाठी. मग एक अक्षर चुकलं तर काय होतं? बऱ्याचदा काहीच होत नाही, कारण एकाच अमिनो आम्लाला अनेक शब्द आहेत. पण हिमोग्लोबिनच्या बीटा साखळीच्या जनुकात एका ठिकाणी जीएजीचा जीटीजी झाला की सिकलसेल.

इथे मोठी बहीण म्हणून एक गोष्ट बजावून सांगते. सिकलसेल ही पुस्तकातली गोष्ट नाही. गडचिरोली, गोंदिया, नंदुरबारकडची मुलं तुझ्या वर्गात असतील, त्यातलं कुणी वाहक असेल, कुणाच्या घरात आजारी भावंडही असेल. "कुणाकडे आहे का?" असं भर वर्गात विचारायचं नाही. रक्तगटांचंही तेच. मुलांना स्वतःचा आणि आईवडिलांचा रक्तगट लिहायला लावून तक्ता जुळवायची काही जणांना हौस असते. तू तसलं काही करू नकोस. तक्ता नाही जुळला, तर त्या मुलानं घरी जाऊन काय विचारायचं? काल्पनिक कुटुंब घे, आनुवंशिकता तितकीच कळते.

आता मुख्य मुद्दा, यासाठीच तर एवढं पाल्हाळ लावलंय. पंप, कोड, मोटर, फीडबॅक या त्यांच्या शब्दांत बोललीस की वर्ग तुझा होतो. आणि धोका तिथेच आहे. वर्षाअखेर पोरं म्हणतात, "बायो म्हणजे पण इंजिनिअरिंगच आहे." तुला बरं वाटेल, पण त्यावर समाधान मानू नकोस. यंत्राशी तुलना करत त्यांना इतकं पुढे ने, की ती तुलना कुठे मोडते ते त्यांना स्वतःला दिसेल.

त्यासाठी अभ्यासक्रमातलीच डोळा आणि कॅमेरा ही जोडी घे. कागदावर एक फुली आणि तिच्या उजवीकडे आठ सेंटिमीटरवर ठिपका काढायला सांग. डावा डोळा मिटायचा, उजव्याने फुलीकडेच बघायचं आणि कागद हळूहळू जवळ आणायचा. तीस सेंटिमीटरच्या आसपास ठिपका गायब होतो. वर्गात एकच गलका उठेल, उठू दे. मग टॅन इन्व्हर्सने कोन काढायला लाव, पंधरा अंशांच्या जवळपास येतो. हा आपला अंधबिंदू. आपल्या डोळ्यात चेतातंतू प्रकाशग्राही पेशींच्या पुढून जातात आणि एका ठिकाणी पडद्यातून मागे बाहेर पडतात, तिथे दिसत नाही. ऑक्टोपसचे तंतू मागून जातात, त्याला हा अंधबिंदू नाही.

एखादा ईएनटीसीवाला म्हणेल, "मॅडम, कॅमेऱ्याच्या सेन्सरमध्येही वायरिंग आधी पुढेच असायचं." त्याला शाबासकी दे, तो बरोबर बोलतोय. पण इंजिनिअरांनी सेन्सर उलटा केला. मागून प्रकाश घेणारे तसले सेन्सर २००९च्या सुमारास कॅमेऱ्यांत येऊ लागले आणि आज फोनमध्ये सर्रास असतात. मग आपला डोळा का नाही उलटा झाला? वर्गाला यावर भांडू दे. अखेरीस मुद्दा असा की कारखाना नवं मॉडेल कोऱ्या कागदावर आखू शकतो. उत्क्रांतीला ती सोय नाही. भाडेकरू राहतायत अशा जुन्या वाड्याची दुरुस्ती करण्यासारखं आहे ते. पाया उकरता येत नाही, कुणाला बाहेर काढता येत नाही, आहे त्यातच जोडायचं. मधल्या प्रत्येक पिढीला दिसावं तर लागणारच. आणि आराखडा काढणारा कुणी नाही, फक्त फरक होत राहतात आणि चालतात ते टिकतात. हे ज्याला उमगलं, त्याला प्रतिजैविकांना न जुमानणारे जिवाणू कुठून येतात, हे वेगळं शिकवावं लागत नाही.

म्हणून पेपर काढताना "सुबक आकृती काढून नावे द्या" हा प्रश्न टाळ. त्याऐवजी विचार, "औषधामुळे जिवाणूंनी स्वतःत बदल करून घेतला, या वाक्यात चूक काय?" उत्तर चार ओळींचं, पण पाठ करून लिहिता येत नाही. तपासायला वेळ लागेल, आणि तासिकेच्या मानधनात त्याचे पैसे नाहीत हे मला माहीत आहे. म्हणून असा एकच प्रश्न घाल, पण घालच.

स्टाफरूममध्ये बिचकून बसू नकोस. इन्सुलिन आणि साखरेचा फीडबॅक शिकवायचा असेल त्या दिवशी कंट्रोल सिस्टिमवाल्या सरांना अर्धा तास वर्गात बोलव. तुला लाप्लास आठवत नसेल, तर त्यांनाही स्वादुपिंड कुठे असतं ते आठवत नसतं. दोघं फळ्यापाशी उभे राहा, पोरांना मजा येते.

आणि प्रयोगशाळा नाही म्हणून प्रॅक्टिकल सोडू नकोस. एक केळं, मीठ, भांडी घासायचं लिक्विड, गाळणी आणि गार स्पिरिट एवढ्यावर डीएनएचे पांढरे धागे काचेच्या ग्लासात दिसतात. खिडक्या उघड्या ठेव, जवळपास काडी पेटवू देऊ नकोस. स्पिरिट कोमट असलं तर धागे नीट येत नाहीत, तेव्हा बाटली आदल्या रात्री घरच्या फ्रीजरमध्ये ठेव, आणि आईला आधी सांगून ठेव, नाहीतर सकाळी घरातच व्हायवा होईल.