लाकडी फ्लोअरिंगवर ओरखडे

प्रश्न : अक्कलकोट रोड एमआयडीसीत आमचा टॉवेलचा कारखाना, वरच घर. हॉलच्या लाकडी फ्लोअरिंगवर ओरखडे उठलेत. पॉलिश पेपर मारू का?

उत्तर : थांबा, आधी फ्लोअरिंग कोणतं ते बघा. उंबऱ्याजवळची पट्टी काढून फळीची कड पाहा. वर कागदासारखा थर, खाली दाबलेला भुसा दिसला तर ते लॅमिनेट. त्याला पेपर लावलात तर लाकडाची छापील नक्षीच निघून जाईल. तिथे रंगाला जुळणारी मेणाची कांडी ओरखड्यात भरायची, जादा मेण जुन्या एटीएम कार्डाने खरवडायचं, बस्स.

अस्सल सागवान असेल तर आधी नख फिरवा. अडकलं नाही तर ओरखडा पॉलिशपुरताच. लाकूड घासू नका. अडकलं तर 120 आणि मग 220 नंबरचा पेपर, लाकडाच्या रेषांच्या दिशेनेच, आणि वर आधीचंच पॉलिश.

खरी खोड चपलांखालच्या कचेत असते. दाराबाहेर काथ्याचं पायपुसणं ठेवा, खुर्च्यांच्या पायांना फेल्ट चिकटवा. पुसण्याआधी कोरडं झाडा, नाहीतर ओल्या फडक्याखाली कचच फिरते. फडकं म्हणून टेरी टॉवेल घट्ट पिळून वापरा. त्याची तुम्हाला काय कमी!