आधी फुंकणीवाल्याकडे जा

चि. मनूस,



ओगलेवाडीच्या काच कारखान्याचा अभ्यास करायला आणि त्याचं जे उरलंय ते जपायला तुम्ही पाच-सहा जण मंडळ काढताय, हे कळलं. फार बरं वाटलं. मंडळाचं नाव, शिक्का, नोंदणी याबद्दल तू विचारलंस. ते सध्या राहू दे. संस्था नोंदवायला १८६० च्या कायद्याप्रमाणे सात माणसं लागतात, ती पुढच्या वर्षीही मिळतील. भट्टीवर काम केलेली माणसं मात्र पुढच्या वर्षी भेटतीलच असं नाही. या महिन्यात त्यांच्या घरी जा.

एवढा आग्रह का, ते सांगतो. तरुणपणी आम्ही एका जिनिंग फॅक्टरीसाठी असंच मंडळ काढलं होतं. आधी इमारतीचे फोटो काढले, मग मालकांना निवेदन दिलं, मग वर्तमानपत्रात छापून आणलं. गाजावाजा पाहून फाटकाला कुलूप लागलं आणि थोड्याच दिवसांत यंत्रं भंगारात गेली. त्याहून मोठी चूक आमची स्वतःची होती. तिथला जुना फिटर नुसत्या आवाजावरून कुठलं जिन बिघडलंय ते ओळखायचा. ‘दिवाळीनंतर जाऊ’ म्हणत राहिलो, आणि तो दिवाळीआधीच गेला. फोटो अजून माझ्या कपाटात आहेत. त्यांतलं कुठलं चाक कशासाठी होतं, हे आज मला सांगता येत नाही.

तुझी आजी रोज तिन्हीसांजेला प्रभाकर कंदिलाची काच राखेने पुसायची. तो कंदील ओगल्यांचाच. वाऱ्यातही तो विझत नसे, कारण हवा थेट ज्योतीवर येत नाही. वरून दोन्ही बाजूंच्या पत्र्याच्या नळ्यांत शिरते आणि खाली बर्नरपाशी पोचते. काच कशी होते, हेही पुस्तकात सापडेल. वाळू, सोडा, चुना आणि जुन्या काचेचे तुकडे चौदाशे अंशांच्या आसपास किंवा त्याहून वर वितळवायचे, फुंकणीच्या टोकावर रसाचा गोळा घ्यायचा, साच्यात धरून फुंकायचा आणि मग सावकाश निवू द्यायचा. घाई केली तर काच तडकते. पण गोळा पुरेसा झाला हे फुंकणाऱ्याला कशावरून कळायचं? पाळी बदलताना भट्टी कुणाच्या हवाली व्हायची? उन्हाळ्यात तिथे उभं कसं राहायचं, भाजलं तर काय लावायचं? बायका कुठल्या कामाला होत्या? हे माणसांनाच विचारावं लागेल.

विचारताना नुसतं बोलायला लावू नकोस. हातात एखादी काठी दे आणि ‘दाखवा’ म्हण. तोंडाने जे आठवत नाही ते हाताला आठवतं, हे मी पाहिलंय. रेकॉर्डिंग आधी विचारूनच कर. दोघांनी एकच गोष्ट दोन तऱ्हांनी सांगितली तर दोन्ही लिही, वहीत कुणी, कधी, कुठे सांगितलं तेही टाक, आणि ऐकीव माहिती वेगळ्या पानावर ठेव. पगाराची पावती, गेटपास, युनियनचं पत्रक असं काही निघालं तर तिथेच फोटो घे आणि मूळ कागद त्याच दिवशी परत दे. एकदा कागद हरवला की गावातली दारं बंद होतात.

ओगले कुटुंबाची कर्तबगारी मोठी आहे, ती जरूर लिही. हा कारखाना १९१६ चा. त्याआधी तळेगावला पैसा फंडाचा काच कारखाना १९०८ मध्ये निघाला होता, आणि औंधच्या पंतप्रतिनिधींच्या आश्रयाने १९१० मध्ये किर्लोस्करवाडी उभी राहिली होती. या रांगेत ओगलेवाडी ठेवून पाहिलीस की स्वदेशीची ओढ किती प्रत्यक्ष होती ते दिसेल. पण संस्थापकांच्या चरित्रापाशीच थांबू नकोस. मीना मेनन आणि नीरा आडारकर यांचं गिरणगावावरचं पुस्तक मिळवून वाच. गिरणगावातली माणसं त्यात स्वतःच्या तोंडाने बोलतात, म्हणून पाडलेल्या गिरण्याही त्यात उभ्या आहेत.

इमारतीबद्दल एकच. केंद्राच्या १९५८ च्या कायद्यात संरक्षित स्मारक व्हायला किमान १०० वर्षांचं वय लागतं. वय भरलं म्हणून संरक्षण आपोआप मिळत नाही, त्यामुळे त्या आशेवर बसू नका. आत जायची परवानगी मिळाली तर पहिल्याच दिवशी टेप घेऊन मोजमापं घ्या. फोटोत माणूस किंवा मीटरपट्टी असू द्या, म्हणजे उंची कळते. न विचारता भिंत चढून जाऊ नका, अगदी कुणी बघत नसलं तरी.

आजीचा कंदील माझ्याकडे आहे. काचेला तडा गेलाय, बर्नर शाबूत आहे. दसऱ्याला घेऊन येतो. तोवर भट्टीवरचा एखादा म्हातारा तू शोधून ठेव. कंदील त्याच्या हातात देऊ आणि तू रेकॉर्डिंग सुरू कर.

तुझा मामा