खिडकीतून टाकलेला रुमाल

पाचोऱ्यात हिरड्यांचे उपचार करताना जे उमगत गेलं, ते सांगतो.

१. हिरडी बरी करण्यात माझा वाटा फार थोडा आहे. दाताभोवतीची जखम साफ केली की पहिली धाव हिरडीच्या त्वचेची. तिच्या पेशी भराभर खाली उतरतात आणि दाताच्या मुळाला चिकटून बसतात. नवं हाड, आणि दाताला हाडाशी बांधणारे तंतू, मागून सावकाश येतात. तोवर जागा गेलेली असते. जळगावच्या एसटीत खिडकीतून रुमाल टाकून आपण मागून येणाऱ्या आईची जागा धरतो ना, तसाच एक रुमाल आम्ही हिरडीखाली ठेवतो. कोलॅजनचा पातळ पडदा. तो त्वचेला अडवतो आणि काम झालं की आपोआप विरघळतो. १९८२ साली स्वीडनमध्ये नीमन आणि सहकाऱ्यांनी हे माणसाच्या दातावर करून दाखवलं. त्यांचा पडदा म्हणजे चक्क गाळणकागद होता.

२. कधी कधी उत्तम औषध रोग्याच्या दंडातच असतं. थोडं रक्त काढायचं, त्यात न गोठण्याचं औषध घालायचं नाही आणि नळी लगेच यंत्रात फिरवायची. फ्रान्सच्या शुकरून यांनी २००१ साली रूढ केलेली ही रीत. दहा-बारा मिनिटांत तळाशी लाल पेशी बसतात, वर पिवळसर पाणी राहतं आणि मध्ये सायीसारखा गोळा तयार होतो; तोच आम्ही जखमेत ठेवतो. चिमट्यात धरला तर ताणला जातो, तुटत नाही. एकदा यंत्र फिरत असतानाच लाइट गेली. नळीतलं रक्त जागच्या जागी गोठलं, थर पडलेच नाहीत. मी काही बोलायच्या आत समोरच्या शेतकरी दादांनी दुसरा हात पुढे केला. त्या विश्वासाचं ओझं वाटलं. इन्व्हर्टर त्याच आठवड्यात घेतला.

३. वस्तू कशापासून बनली हे आधी सांगायला हवं. दात घडताना मुळावर जी प्रथिनं काम करतात, त्यांची नक्कल करणारी एक जेल मिळते. ती डुकराच्या पिल्लांच्या, अजून न उगवलेल्या दातांपासून काढतात. कोलॅजनचे कितीतरी पडदेही गाय-डुकराचेच. एका रुग्णाने सहज विचारलं, "हे कशाचं असतं?" आणि मी गप्प झालो. आपल्या गावात जैन, मुस्लिम, माळकरी सगळेच येतात. शरीर त्यांचं आहे, निवडही त्यांचीच.

४. खड्ड्याला भिंती लागतात. दाताशेजारी हाड विहिरीसारखं खोल गेलं असेल आणि तीन बाजू शाबूत असतील, तर भरून येण्याची आशा असते. सरसकट झिजून सपाट झालं असेल तर खड्ड्यात भरायची महागडी पूडही फारसं काही करत नाही. हे तोंडावर सांगणं अजूनही जड जातं.

५. एक्स-रे पाहून मी फार लवकर खूश व्हायचो. खड्ड्याच्या जागी पांढरं दिसलं की जिंकलो! पण ते पांढरं म्हणजे नवं हाड की मीच भरलेली पूड, आणि तंतू खरंच मुळाला जोडले गेले का, हे एक्स-रे सांगत नाही. ते सूक्ष्मदर्शकाखालीच कळतं, आणि त्यासाठी दात काढावा लागतो. म्हणून आता सहा महिने थांबतो, खड्ड्याची खोली मोजतो, आणि "नवीन हाड आलं" असं म्हणत नाही. "दात टिकलाय" एवढंच म्हणतो.

६. मिश्री सुटल्याशिवाय शस्त्रक्रियेची घाई करायची नाही. एक मावशी आल्या होत्या. "दात हालतस भाऊ, पन उपाडू नका." मला भरून आलं आणि मी लगेच तारीख दिली. मिश्री चालूच राहिली. तीन आठवड्यांत टाके सुटले, पडदा उघडा पडला, पुढे दातही गेला. चूक माझी होती. आता आधी तंबाखू, रक्तातली साखर आणि ब्रश, या तिन्हींची घडी बसवतो, मगच चाकू हातात घेतो.

सकाळी दात घासताना थुंकीत रक्त दिसलं तर दुखण्याची वाट पाहू नका. हाड झिजत असतं तेव्हा बहुतेक वेळा काहीच दुखत नाही.