शर्यतीची छोटी गाडी : जुळवणी आणि नोंद

प्रस्तावना

भाषेच्या पाठ्यपुस्तकात यंत्राविषयीचा पाठ पाहून तुम्हाला थोडे नवल वाटेल. कथा, कविता आणि ललित निबंध यांचा परिचय तुम्हाला आधीच्या पाठांतून झाला आहे. तांत्रिक माहिती देणारे लेखन हाही गद्याचाच एक प्रकार होय. त्यात कल्पनेची भरारी नसते. मात्र जे पाहिले ते नेमक्या शब्दांत सांगण्याची शिस्त असते. एखादा शब्द सैल पडला, तर कवितेत रसहानी होते; यंत्राच्या बाबतीत भलताच स्क्रू फिरवला जातो.

प्रस्तुत पाठात रेडिओच्या साहाय्याने दूरवरून चालवल्या जाणाऱ्या एका छोट्या शर्यतीच्या गाडीची माहिती दिली आहे. पाठाच्या अभ्यासानंतर तांत्रिक वर्णनातील कार्यकारणभाव तुम्हाला उलगडून सांगता येईल, तसेच निरीक्षणाची नेमकी नोंद कशी करावी हेही तुम्ही शिकाल.

मूळ पाठ

अमेरिकेत मातीच्या, खाचखळग्यांच्या आणि उंचवट्यांच्या बंदिस्त मार्गावर ट्रकांच्या शर्यती होतात. विस्कॉन्सिन राज्यातील क्रँडन या लहानशा गावी १९७० पासून अशा शर्यती भरत आल्या आहेत. वाळवंटातील शेकडो मैलांच्या शर्यतींच्या तुलनेत हा मार्ग अगदी आखूड असतो. म्हणून या प्रकाराला ‘शॉर्ट कोर्स’ असे नाव पडले. या ट्रकांची दहापट लहान प्रतिकृती ट्रॅक्सास या अमेरिकन कंपनीने २००८ मध्ये ‘स्लॅश’ या नावाने बाजारात आणली आणि छोट्या गाड्यांच्या शर्यतीत एक नवा वर्गच निर्माण झाला. अमेरिका आणि कॅनडा येथील अशा शर्यतींचे नियम ठरवणारी ‘रोअर’ ही संस्था मात्र त्याहून बरीच जुनी, १९६७ ची.

ही गाडी सुमारे ५७ सें.मी. लांब आणि जेमतेम ३० सें.मी. रुंद असते. विजेरीवर चालणारी मोटर मागची दोन चाके फिरवते. वरचे कवच पातळ पॉलिकार्बोनेटचे असून ते चारही चाकांना झाकते. त्यामुळे दोन गाड्या एकमेकींना घासल्या तरी चाकात चाक अडकत नाही. चालक एका उंच मंचावर उभा राहून हातातील रेडिओ-संचाने गाडी चालवतो. दिसायला हे खेळणे असले, तरी तिच्या वागण्याचे नियम रस्त्यावरील मोटारीचेच आहेत. उलट काही बाबतींत ते अधिक कठोर ठरतात.

असे का? प्रतिकृती दहापट लहान झाली, पण गुरुत्वाकर्षण काही दहापट लहान होत नाही. मोठा ट्रक उडी घेऊन ३ मीटर उंचीवरून खाली येतो, तेव्हा त्याला सुमारे ०.७८ सेकंद लागतो. त्याच प्रमाणात छोटी गाडी ३० सें.मी. उंचीवरून खाली येते. तिला अवघा पाव सेकंद पुरतो. म्हणजे मोठ्या गाडीत जे घडते, तेच येथे तिपटीहून अधिक वेगाने घडते. स्प्रिंगला दबायला आणि पुन्हा सावरायला मिळणारा वेळ त्याच हिशेबाने आटतो. चालकाची प्रतिक्रिया मात्र माणसाच्याच गतीने होते. म्हणूनच गाडी मुळातच नीट जुळवलेली असावी लागते. चुका हातांनी सावरून घेऊ, हा भरवसा येथे फार काळ टिकत नाही.

नवख्या चालकाला बहुधा वेगाचे आकर्षण असते. तो प्रथम अधिक ताकदीची मोटर विकत घेतो. आपण साधा हिशेब करून पाहू. शर्यत पाच मिनिटांची आणि एक फेरी २५ सेकंदांची आहे असे धरले, तर एकूण १२ फेऱ्या होतात. गाडी एकदा उलटली, कडेला उभ्या असलेल्या मदतनिसाने धावत येऊन ती सरळ केली आणि त्यात ६ सेकंद गेले, तर तो तोटा प्रत्येक फेरीमागे अर्ध्या सेकंदाचा होतो. मोटर बदलून फेरीमागे अर्धा सेकंद मिळवणे सोपे नाही. न उलटणारी गाडी तो फुकट मिळवून देते. (हे मदतनीस म्हणजे बहुधा आधीची शर्यत संपवून आलेले चालकच असतात. आपली गाडी दुसऱ्याने उचलायची आणि दुसऱ्याची आपण, हा तेथील रिवाज फार छान आहे.)

जुळवणीची सुरुवात टायरपासून करावी. गाडीचा जमिनीशी संबंध येतो तो केवळ चार लहान ठिपक्यांतून. बाकी सारी यंत्रणा त्या ठिपक्यांच्या सेवेसाठी असते. या टायरांत हवा भरलेली नसते. आत फोमची कडी असते आणि कडा रिमला सायनोॲक्रिलेट गोंदाने चिकटवलेल्या असतात. भुसभुशीत, ओलसर मातीत उंच आणि विरळ खुंट्यांचे टायर आत रुततात व पकड घेतात. तेच टायर घट्ट, झिजून गुळगुळीत झालेल्या मार्गावर चालवले, तर खुंट्या वाकतात आणि गाडी डुलू लागते. तेथे आखूड, दाट खुंट्यांचे मऊ रबर लागते. टायर चुकीचे असताना स्प्रिंगा बदलत बसणे म्हणजे पाया खचलेल्या भिंतीला रंग देण्यासारखे आहे.

तथापि, पकड जितकी अधिक तितके चांगले, असा निष्कर्ष कोणी काढू नये. वळणावर गाडीला बाहेर ढकलणाऱ्या जोराचे दोनच परिणाम संभवतात : एक तर गाडी घसरते, नाहीतर उलटते. घसरण्यासाठी टायरची पकड सुटावी लागते. ती सुटलीच नाही आणि गाडीचा गुरुत्वमध्य उंचावर असला, तर बाहेरच्या चाकांवर टेकून गाडी कोलांटी घेते. शॉर्ट कोर्स गाडी मुळातच उंच, त्यामुळे हा दोष तिच्यात विशेष आढळतो. चांगले टायर बसवल्यावर गाडी अधिक उलटू लागली, अशी तक्रार करणारा चालक खोटे बोलत नसतो. त्याने एका दोषाच्या जागी दुसरा आणला, इतकेच. उपाय म्हणजे गाडीची जमिनीपासूनची उंची कमी करणे आणि विजेरीसारख्या जड वस्तू शक्य तितक्या खाली बसवणे. पण उंची फार कमी केली, तर खडबडीत मार्गावर तळ आपटतो. बहुतेक चालक २५ ते ३० मि.मी.च्या आसपास थांबतात.

यानंतर येतात शॉक ॲब्सॉर्बर. मराठीत त्यांना धक्काशोषक म्हणतात खरे. परंतु धक्का शोषण्याचे काम मुख्यतः स्प्रिंगचे असते. स्प्रिंग दबते, आणि दबलेली स्प्रिंग उसळी मारू पाहते. ती उसळी आवरण्याचे काम नळीतील तेल करते. नळीत छिद्रे असलेली एक चकती वरखाली होते व सिलिकॉन तेल त्या छिद्रांतून वाट काढते. तेल दाट असेल तर हालचाल मंद, पातळ असेल तर चपळ. उन्हाने तेल पातळ होते, थंडीने दाटते. म्हणून सकाळी उत्तम चालणारी गाडी दुपारी उसळू लागली, तर त्यात चालकाचा दोष असेलच असे नाही. तेल भरताना हवेचे बुडबुडे राहू देऊ नयेत. हवा दबते, तेल दबत नाही. दोन्ही मिसळली की चारही चाके चार प्रकारे वागू लागतात.

याची परीक्षा करण्याची एक जुनी, बिनखर्चाची रीत आहे. गाडी विजेरीसह वीतभर उंच उचलावी आणि सपाट जमिनीवर सोडून द्यावी. ती खाली दबून एकदाच वर यावी आणि नेहमीच्या उंचीवर स्थिर व्हावी. दोन-तीन वेळा उसळली, तर तेल पातळ आहे. दबूनच राहिली अथवा लाकडाच्या ठोकळ्यासारखी आदळली, तर तेल किंवा स्प्रिंग यांत फेरफार हवा.

चाकांच्या कोनांविषयी थोडक्यात पाहू. समोरून पाहिल्यास चाकांचा वरचा भाग किंचित आत झुकलेला दिसतो, हा कॅम्बर. वळणात गाडी बाहेर कलते, तेव्हा बाहेरचे चाक सरळ होऊन पूर्ण रुंदीने टेकावे, यासाठी हा झुकाव एक-दोन अंशांचा ठेवतात. मागच्या चाकांची पुढची टोके किंचित आत वळवलेली असतात. त्यामुळे सरळ धावताना गाडीचे शेपूट स्थिर राहते. ‘कॅम्बर’साठी मराठी शब्द घडवता येईल. परंतु गॅरेजमधील कारागिराला जो शब्द कळतो तोच वापरावा, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे.

पाठगत प्रश्न : १. टायरची पकड वाढल्यावर गाडी अधिक उलटू लागते, यामागील कारण तुमच्या शब्दांत लिहा. २. ‘धक्काशोषक’ या शब्दाविषयी लेखकाने कोणता आक्षेप घेतला आहे?

आता या गाडीच्या दोन खास गोष्टी. पहिली तिच्या कवचाची. मोठे, खाली उघडे कवच घेऊन गाडी उडी मारते, तेव्हा समोरून आत शिरलेली हवा मागे कोंडते आणि कवच पॅराशूटसारखे फुगते. नाक वर उचलले जाते, वेग मंदावतो, कधी गाडी पाठीवर पडते. म्हणून शर्यत-नियमांची मुभा असेल तेथे चालक कवचाच्या मागील भागात भोके कापतात. दुसरी गोष्ट हवेतील तोल सावरण्याची. गाडी हवेत असताना थ्रॉटल दाबला, तर मागची चाके अधिक वेगाने पुढे फिरू लागतात आणि त्याची प्रतिक्रिया म्हणून गाडीचे अंग उलट दिशेने फिरून नाक वर येते. ब्रेक दाबला, तर चाके थांबतात व नाक खाली जाते. जमिनीला न टेकता गाडी वळवता येते, हे प्रथम ऐकणाऱ्याला पटत नाही. पण कोनीय संवेग कायम राहतो, या नियमाचेच हे रूप आहे.

एवढी माहिती असूनही पुष्कळांची गाडी सुधारत नाही, आणि येथेच भाषेचा प्रश्न उभा राहतो. ‘गाडी नीट वळत नाही’ हे वाक्य व्याकरणदृष्ट्या शुद्ध आहे. उपयोगाच्या दृष्टीने मात्र जवळजवळ निरर्थक आहे. कोठे वळत नाही? वळणात शिरताना, मध्यावर, की बाहेर पडताना? थ्रॉटल सोडलेला असताना, की दाबलेला असताना? नाक बाहेर जाते, की शेपूट घसरते? थ्रॉटल सोडताच गाडीचे वजन पुढे सरकते, पुढची चाके दाबली जातात आणि मागची हलकी होतात. थ्रॉटल दाबताच नेमके उलटे घडते. म्हणजे शिरतानाचा दोष आणि बाहेर पडतानाचा दोष यांची कारणे वेगळी, उपायही वेगळे. शेपूट घसरत असताना ‘वळत नाही’ असे लिहिणारा चालक पुढच्या स्प्रिंगा मऊ करतो. त्याने पुढची पकड वाढते आणि शेपूट आणखीच घसरते.

जाणते चालक याकरिता नोंदवही ठेवतात. नमुन्यादाखल दोन नोंदी पाहा.

पहिली : ‘आज गाडी बरी चालली. बॅटरी मागे घेतली. फरक वाटला.’

दुसरी : ‘दुपारी ३. ट्रॅक कोरडा, टणक. दुसऱ्या डाव्या वळणात शिरताना थ्रॉटल सोडताच शेपूट घसरत होते. बॅटरी १ सें.मी. मागे घेतली, अन्य बदल नाही. पाच फेऱ्यांत शेपूट एकदाच घसरले. मात्र आखूड उजव्या वळणात नाक थोडे बाहेर जाऊ लागले. बॅटरी पुन्हा पुढे घेऊन पाहिली. मूळ दोष परत आला.’

दुसऱ्या नोंदीत विशेषणे मोजकीच आहेत आणि ‘वाटले’ हे क्रियापद एकदाही आलेले नाही. तिच्यात तोटाही लपवलेला नाही. बदल एकच आहे, आणि सर्वांत मोलाचे वाक्य शेवटचे आहे. सरावाने चालकाचा हातही सुधारत असतो. त्यामुळे झालेली सुधारणा बदलामुळे की हातामुळे, हे एरवी समजत नाही. पूर्वस्थितीत परत जाऊन पाहिले, म्हणजे तो संशय बराच फिटतो. त्यासाठी आणखी पाच फेऱ्या खर्ची पडतात आणि विजेरीही उतरते. उत्साही चालकाला हा खर्च नको असतो. तो एकाच वेळी तेल, स्प्रिंग आणि टायर बदलतो. गाडी सुधारली तर कशाने ते त्याला कळत नाही, आणि बिघडली तर परतीची वाट सापडत नाही.

स्लिपर क्लचचे उदाहरण घ्या. मोटरचा एकदम येणारा जोर चाकांपर्यंत थोडा सैलावून पोहोचावा, यासाठी हा घर्षणी जोड असतो. गाडी सुटताना पहिली फूट-दीड फूट तो सरकावा, असा सर्वसाधारण अंदाज आहे. पण ‘थोडा सैल केला’ अशी नोंद पुढच्या रविवारी कोणाच्याच उपयोगाची नाही. ‘नट पूर्ण आवळून दोन वेढे सोडला’ असे लिहिले, तर तोच नट त्याच जागी पुन्हा आणता येतो. लिहिणारा घरी राहिला आणि त्याचा धाकटा भाऊ गाडी घेऊन मैदानावर गेला, तरीसुद्धा.

स्वाध्याय

१. छोट्या गाडीच्या बाबतीत ‘गुरुत्वाकर्षण दहापट लहान होत नाही’ या विधानाचा चालकावर होणारा परिणाम स्पष्ट करा.

२. पुढील वाक्ये नेमकी करून पुन्हा लिहा. आवश्यक तो तपशील कल्पनेने घाला : (अ) सायकलचा ब्रेक बिघडला आहे. (आ) शिलाई यंत्र नीट चालत नाही. (इ) पंखा आवाज करतो.

३. घरातील एखाद्या वस्तूत तुम्ही स्वतः केलेल्या दुरुस्तीची नोंद आठ-दहा ओळींत लिहा. ‘वाटले’, ‘बरे’, ‘थोडे’ हे शब्द टाळा. ती नोंद मित्राला वाचायला द्या व तेवढ्या आधारावर त्याला तेच काम करता येते का, ते पाहा.