आदिवासी अभ्यासाची पदवी आणि पुढील वाटा

माजरी-आदिलाबाद लोहमार्गावरील मुकुटबन हे यवतमाळ जिल्ह्याच्या झरी-जामणी तालुक्यातील एक मोठे गाव. तेलंगणाची सीमा जवळ असल्याने येथे मराठीच्या जोडीला तेलुगूही चालते. भोवतालच्या पोडांवरून कोलाम आणि गोंड मंडळी गावात आली म्हणजे कोलामी व गोंडीही कानावर पडते. अशा परिसरातील विद्यार्थ्याने आदिवासी अभ्यास, मानवशास्त्र किंवा समाजशास्त्र घेण्याचा मनोदय बोलून दाखविला, तर घरून, आणि पुष्कळदा शिक्षकांकडूनही, पहिला प्रश्न येतो तो नोकरीचा. प्रश्न गैर नाही. त्याचे उत्तर मात्र सहसा अर्धवट माहितीवर दिले जाते.

आपल्या समाजाचा अभ्यास हा विद्यापीठातील विषय व्हावा, ही मागणी आपल्याकडीलच नव्हे. अमेरिकेत मेक्सिकन वंशाच्या विद्यार्थ्यांनी १९६८-६९ च्या सुमारास ती लावून धरली आणि कॅलिफोर्नियातील विद्यापीठांतून चिकानो अभ्यासाचे विभाग निघाले. तेथील पदवीधर शाळा, समाजकल्याण, आरोग्यसेवा, कायदा अशा क्षेत्रांत जातात. पण शिक्षक किंवा वकील होण्यासाठी त्यांनाही वेगळी व्यावसायिक पात्रता मिळवावी लागतेच.

मुकुटबनला याहून जवळचे उदाहरण सीमेपलीकडे आहे. १९४० मध्ये जोडेघाट येथे कोमराम भीम पोलिसांच्या गोळीबारात मारले गेले. त्यानंतर निजाम सरकारने मानवशास्त्रज्ञ हायमेनडॉर्फ यांना आदिलाबादच्या गोंडांमध्ये पाठविले. त्यांच्या पुढाकाराने मारलवाई येथे गोंड शिक्षकांसाठी प्रशिक्षण केंद्र निघाले आणि देवनागरी लिपीत गोंडी वाचनपाठ तयार झाले. तेथे शिकलेले तरुण शिक्षक झाले, काही महसूल व वन खात्यांच्या कनिष्ठ जागांवर गेले. भाषा जाणणारा माणूस कचेरीत बसला म्हणजे कचेरीचा व्यवहार बदलतो, हे तेथे दिसून आले.

आज अशा माणसाची सर्वाधिक निकड वनहक्काच्या कामात आहे. २००६ च्या वनहक्क कायद्यान्वये दावा प्रथम ग्रामसभेपुढे येतो, तेथून उपविभागीय आणि मग जिल्हास्तरीय समितीकडे जातो. नियमांनी पुराव्यात दावेदाराखेरीज अन्य वृद्धांचे लेखी नोंदविलेले निवेदन ग्राह्य धरले आहे. कोलाम वृद्ध आपल्या बोलीत जुनी वहिवाट सांगतो, लिहिणारा ती मराठीत उतरवितो. देवस्थान, स्मशान, जुनी पाणवठ्याची वाट यांची नावे या उतरविण्यात गळाली, तर पुरावाच गळाला. ग्रामसभेच्या ठरावाविरुद्ध उपविभागीय समितीकडे जाण्यास साठ दिवसांची मुदत आहे, हेही पोडावर कोणीतरी त्यांच्या भाषेत सांगावे लागते. शिवाय महाराष्ट्रातील ज्या तीन जमाती विशेष असुरक्षित गटात मोडतात, त्यांत कातकरी व माडिया गोंडांबरोबर कोलाम आहेत. अशा गटांना कायद्याने वसतिस्थानाचा सामूहिक हक्क देऊ केला आहे. तो मागावयाचा तर जमातीचा परंपरागत वावर, श्रद्धास्थाने आणि उपजीविका यांचे शास्त्रशुद्ध टिपण लागते. हे काम नुसत्या अर्ज भरणाऱ्याचे नव्हे.

दुसरी वाट जात पडताळणीची. अनुसूचित जमातीच्या दाव्यांच्या तपासणीत संशोधन अधिकारी कागदपत्रांबरोबर चालीरीती, दैवते, विवाह व अंत्यविधी यांचीही माहिती पाहतो. हा आप्तभाव एकमेव कसोटी मानता येणार नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २०२३ मध्ये स्पष्ट केले आहे. म्हणजे पुस्तकी प्रश्नावली घेऊन बसणाऱ्यापेक्षा बदलत्या रूढींची जाण असलेला अधिकारी आता अधिक हवा.

शाळेतही जागा आहे. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याने शक्य तेथवर मातृभाषेतून शिकविण्याची अपेक्षा ठेवली आहे. कोलामी ही द्राविडी कुळातील भाषा. तिचे व्याकरण अमेरिकन भाषाशास्त्रज्ञ एमेनो यांनी १९५५ मध्ये प्रसिद्ध केले. मराठीचे बोलीरूप समजून तिला ‘अशुद्ध’ ठरविणारा शिक्षक पहिलीतल्या मुलाला गप्प बसवितो. बी.एड. किंवा डी.एड. झालेला आणि कोलामी जाणणारा उमेदवार आश्रमशाळेला मिळाला, तर तो भाग्याचा योग म्हणावा.

अभ्यासाच्या सोयी आहेत. अमरकंटक येथील इंदिरा गांधी राष्ट्रीय जनजातीय विद्यापीठ, मुंबईची टाटा समाजविज्ञान संस्था आणि पुणे विद्यापीठाचा मानवशास्त्र विभाग ही ठिकाणे परिचित आहेत. पुण्यातील आदिवासी संशोधन व प्रशिक्षण संस्था १९६२ पासून कार्यरत आहे. केंद्रीय लोकसेवा आयोगाच्या परीक्षेत मानवशास्त्र हा वैकल्पिक विषय असून त्यात भारतातील आदिवासींचा स्वतंत्र भाग आहे.

तथापि, या एकाच पदवीवर मिळणाऱ्या कायम जागा थोड्या आहेत आणि क्षेत्रकामातील पुष्कळशा नेमणुका मानधनावर, ठराविक मुदतीच्या असतात, हे विद्यार्थ्यापासून लपविणे अन्यायाचे होईल. म्हणून पदवीबरोबर समाजकार्य, कायदा, शिक्षणशास्त्र किंवा ग्रंथालयशास्त्र यांपैकी एक पात्रता प्रारंभीच ठरवून घ्यावी. कोलाम वा गोंड विद्यार्थ्याजवळ भाषेचे भांडवल आधीच असते. इतरांनी ते पोडावर राहून मिळवावयाचे असते, आणि त्याला वर्ष-दोन वर्षे लागतात.

अशा तरुणांना गावातच अनुभव देणे पंचायतींच्या हाती आहे. पेसा क्षेत्रातील ग्रामपंचायतींना मिळणाऱ्या पाच टक्के अबंध निधीच्या प्रयोजनांत वनहक्क व पेसा कायद्यांची अंमलबजावणी समाविष्ट आहे. वृद्धांची निवेदने नोंदविण्याचे काम गावच्या शिकलेल्या मुला-मुलींकडे सोपविण्याचा विचार ग्रामसभेला करता येईल. जुनी वहिवाट आठवणारे वृद्ध पोडावर आहेत, तोवरच हे काम होणे शक्य आहे.