शाळिग्राम, अमोनाइट आणि अ‍ॅसिडची बाटली

नौपाड्यातल्या आमच्या देवघरात एक काळा गोटा आहे, आजीचा शाळिग्राम. भोकातून आत पाहिलं की कोरल्यासारखं चक्र दिसतं. इंजिनिअरिंग जिऑलॉजी शिकताना कळलं, की हे चक्र म्हणजे अमोनाइटचा ठसा. दिसायला शंख, पण प्राणी नात्याने माकुळाच्या जवळचा. नेपाळात काली गंडकीच्या पात्रात असे गोटे मिळतात.

झालं, आपणही एक शोधायचा! पण ठाण्यात कितीही दगड फोडा, व्यर्थ. आपल्या पायाखाली बेसाल्ट, म्हणजे थिजलेला लाव्हा. गंमत अशी, की दख्खनचा लाव्हा वाहिला साधारण ६.६ कोटी वर्षांपूर्वी, आणि अमोनाइटही त्याच सुमारास संपले. त्यासाठी कच्छच गाठावं लागतं. तिथल्या ज्युरासिक खडकांतल्या अमोनाइटवर वागेन यांचा ग्रंथ १८७३-७५ मध्येच निघाला होता. भुजजवळ शेताच्या बांधावर पडलेला, थाळीएवढा एक मी मालकाला विचारून आणला.

आणि हॉस्टेलच्या बाथरूममध्ये त्याची वाट लावली. माती चिकट, धीर कमी. फरशी धुवायचं अ‍ॅसिड ओतलं. फसफस फेस आला, मी खूश. दहा मिनिटांनी पाहतो तर वरच्या कंगोऱ्या सपाट! चुनखडक ओळखायला हायड्रोक्लोरिक अ‍ॅसिडचा थेंब टाकतात, हे मीच जर्नलमध्ये लिहिलं होतं. भोवतालचा दगड चुन्याचा, जीवाश्मही कॅल्साइटचा. अ‍ॅसिड बिचारं दोघांत फरक कसा करणार?

दुसऱ्याला तीन आठवडे दिले. आधी कुठे, कधी सापडला त्याची चिठ्ठी. तिच्याशिवाय तो नुसता दगड. मग साधं पाणी, जुना टूथब्रश, बांबूची काडी. घट्ट दगडाला बारीक छिन्नी, पण टोक नेहमी जीवाश्मापासून बाहेरच्या दिशेला. खाली वाळूची पिशवी ठेवा, म्हणजे हादरा बसत नाही. गॉगल आणि मास्क हवाच, धूळ फुफ्फुसात जाते. तुकडा उडाला तर तिथल्या तिथे डबीत, नंतर अ‍ॅराल्डाइट. आतल्या वेढ्यांशी मी अजून अडलोय, तिथे सुईच चालते.

सुट्टीत दोन्ही घरी नेले. आजीने पहिल्यावरून बोट फिरवलं.

"अरे, ह्याला घासलंस कशाने? मी आमच्याला इतकी वर्षं नुसतं पाणीच घालते."